काकांचा पाणथळीतला मेपल

झाडाचं नाव कळल्याशिवाय ज्याला चहा गोड लागत नाही असा माणूस अख्ख्या सिंगापुरात एकच, आणि तो नेमका तोआ पायोहला आमच्या वरच्या मजल्यावर राहायचा. हे पुण्याचे इंजिनिअर काका रॅफल्स प्लेसच्या ऑफिसला टाय लावून निघायचे खरे, पण एमआरटीच्या मेट्रो स्टेशनपर्यंत पोचेतो वाटेतलं पान न् पान उलटं करून बघायचे, चुरगाळून वास घ्यायचे आणि रुमालात गुंडाळून ठेवायचे. एकदा आमच्याकडे जेवताना त्यांनी आमटीतला कढीपत्ता इतका निरखला, की मी वाकून त्यांच्या वाटीत बघितलं. म्हटलं, केस निघाला की काय! "एका खुणेवर नाव सांगायचं नसतं," हे त्यांचं ठरलेलं वाक्य.

काकू गेल्यावर घरात बापलेक दोघंच उरली, आणि मग लेकही शिकायला अमेरिकेला गेली. दर रविवारी सकाळी काका फोन लावायचे. जेवलीस का? हो. अभ्यास? सिंगापुरी थाटात, ओके लाह. झालं, फोन बंद. मग खाली आमच्याकडे येऊन कुंडीतल्या तुळशीची पानं उलटीसुलटी करत बसायचे. मला फार वाईट वाटायचं.

एका रविवारी ती सहज बोलून गेली, की होस्टेलमागच्या दलदलीत एक झाड लालभडक झालंय. झालं, काकांच्या अंगात संचारलं! पानं समोरासमोर की एकाआड एक? कडेला दाते आहेत का? पानाच्या बोटांसारख्या दोन पाळ्यांमधली खाच टोकदार की गोलसर? ती बिचारी गमबूट घालून चिखलात जायची आणि पुढच्या रविवारी सगळं सांगायची. मधूनच मैत्रिणी, परीक्षा, रडू आलं तेही सांगायची. फोन तासतासभर चालायला लागला.

एकदा मी उपमा घेऊन वर गेले तेव्हा स्पीकरवर तेच चाललं होतं. पानं समोरासमोर, कड दातेरी, खाच टोकदार, देठ लाल, पान मागून पांढुरकं, बुंधा पाण्यात. मीही एव्हाना तयार झाले होते. हळूच म्हटलं, "काका, हा तर तिथलाच लाल मेपल. सगळं जुळलं की."

त्यांनी फोनवर हात ठेवला. "मला पहिल्याच रविवारी कळलं होतं. तिला सांगू नकोस." मग हात काढून म्हणाले, "अगं बाळा, अजून खात्री नाही वाटत. वसंतात फुलं येऊ देत, मग बघू."

पलीकडे ती खुदकन हसली. लहानपणापासून बापाबरोबर पानं उलटी करत वाढलेली पोर ती.

"हो बाबा, घाई नको," ती म्हणाली. "फुलांनंतर फळंही बघावी लागतील ना?"

काकांनी चष्मा पुसायला घेतला. उपमा तिथेच ठेवून मी खाली आले.