खलम

माझ्या मुलीला 'क' म्हणता येत नव्हता. 'ख' आणि 'ग'सुद्धा नाही. कावळ्याला ती 'तावळा' म्हणायची, खिडकीला 'थिडती'. लहानपणी ते गोड वाटायचं. औशाला आजोळी गेली की मामा मुद्दाम तिला 'कुत्रा' म्हणायला लावून पोट धरून हसायचे. पण ती आठ वर्षांची झाली तरी तावळा तावळाच राहिला.

निजामाच्या शेवटच्या वर्षांतली ही गोष्ट. नांदेडला ती ज्या मुलींच्या शाळेत जायची तिथं सगळं उर्दूतून चालायचं आणि धडा मोठ्यानं वाचावा लागायचा. ही 'किताब'ला 'तिताब' म्हणायची, 'कलम'ला 'तलम'. पोरी तिला 'ए तलम' अशीच हाक मारू लागल्या. शेवटी थोरल्या बाईंचा चपराशाकरवी निरोप आला : वार्षिक इम्तिहानात धडा वाचून दाखवता आला नाही, तर पुढच्या साली मुलीला घरीच ठेवा.

"ठेवा की मग," तेव्हा आमच्याकडे आलेले मामा म्हणाले. "पोरीची जात. बोलली न्हाई तरी सासरी लई कौतुक व्हईल."

मला ते मान्य नव्हतं. पण मी जे केलं ते मामांच्या हसण्याहून वाईट होतं. आमच्याकडे बोलणं स्वच्छ व्हावं म्हणून तान्ह्या बाळाला वेखंड उगाळून मधातून चाटवतात, बोटाच्या टोकाएवढं. मी ते तिच्या सगळ्या जिभेवर चोळलं. तिचे डोळे पाण्यानं भरले. मग रोज संध्याकाळी तिला समोर बसवायचं. म्हण, क. "त." नीट म्हण. "त." मी तहसील कचेरीतला कारकून, दुसऱ्यांच्या अर्जातल्या चुका काढण्यात हयात गेलेली. एकदा मी तिच्या हातावर रूळ मारला. त्यानंतर ती माझ्याशी बोलेनाशी झाली. काही हवं असलं की आईच्या कानात सांगायची. घरात असूनही मी त्या आवाजाला मुकलो, आणि त्याला कारण मीच होतो.

तिच्या वर्गाच्या उस्तानीबाई हैदराबादच्या. एकदा शाळा सुटल्यावर मी मुलीला न्यायला गेलो, तेव्हा दाराच्या पडद्याआडून त्यांचा आवाज आला.

"मुन्शीजी, बच्ची कू मारते क्या जी तुम?"

"एकदाच," मी म्हणालो.

"नक्को मारो. उसकी जबान अगाडी चिपकती, पिछाडी उठतीच नहीं. मेरे भाई का भी ऐसाच था. ठैरो."

आतून पेल्यात पाणी ओतल्याचा आवाज आला. "मुंडी ऊपर कर. पीना नक्को." मग घशात पाणी खळखळलं, आणि पाठोपाठ माझ्या मुलीचं हसू. किती तरी दिवसांनी ऐकलेलं.

उपाय एवढाच होता. रोज सकाळी मान वर करून गुळण्या करायच्या, म्हणजे जीभ आपोआप मागं जाते. पाणी दिवसेंदिवस कमी करत न्यायचं आणि शेवटी पाण्याशिवाय तोच आवाज काढायचा. "और सुनो जी," त्या म्हणाल्या, "गलत बोली तो टोको नक्को. तुम सही बोल के आगे चलो."

दुसऱ्या दिवसापासून न्हाणीपाशी आम्ही दोघं आकाशाकडे तोंड करून उभे. ती एकटी करायला लाजत होती म्हणून मीही करू लागलो. शेजारच्या काकूंनी बायकोला विचारलं, "सकाळपारी कोण घसा खाकरून राहिलंय वो? औषध आणा की." एकदा मला ठसका लागला आणि सदरा भिजला, तेव्हा मुलगी खाली बसून हसली. मला तेवढंही खूप वाटलं.

पाणी कमी होत गेलं. आणि एका सकाळी, कोरड्या घशानं खाकरता खाकरता, ती म्हणाली, "खलम."

माझ्या तोंडून निघालंच, "खलम न्हाई, क..."

"अहो, गप बसा!" बायको चुलीपासून ओरडली. "त्या बाई तरी दुसरं काय म्हणत्यात?"

खरंच होतं. हैदराबादकडची माणसं कलमला खलमच म्हणतात. मी ज्याला चूक म्हणायला निघालो होतो ते तिच्या बाईंचं रोजचं बोलणं होतं. मग म्हणालो, "हाव, कलम. दौतीत बुडवायची कलम."

इम्तिहानाच्या दिवशी मी भिंतीबाहेर लिंबाखाली उभा राहिलो. तिचा आवाज आधी बारीक होता, मग वाढला. 'किताब'चं तिनं 'खिताब' केलं. म्हणजे पुस्तकाची पदवी झाली. आत कुणीतरी हसलं. उस्तानीबाई म्हणाल्या, "चलता जी, आगे पढ." ती पुढं वाचत गेली, थेट शेवटच्या ओळीपर्यंत. मी उपरण्यानं तोंड पुसलं. उन्हाचा घाम होता असं म्हणता आलं असतं, पण मी सावलीत होतो.

तिचं नाव शाळेत राहिलं. बाहेर आली तेव्हा तिनं माझं बोट धरलं आणि बडबड सुरू केली : कोण काय म्हणालं, कुणाची ओढणी फाटली, बाईंनी पाठीवर हात कसा ठेवला. 'ग' अजून आला नव्हता.

"बाबा, आपण दंदेवर जायचं?"

"जाऊ की," मी म्हणालो. "गंगेवर जाऊ."

आणि आम्ही घराची वाट सोडून गोदावरीकडे वळलो. ती बोलत होती आणि मी ऐकत होतो.