भोंगाबाईंची काळी एक

फोन उचलून तिने "हॅलो" म्हटलं की पलीकडचा माणूस हमखास म्हणायचा, "दादा, जरा ताईंना बोलवता का?" सुरुवातीला ती "अहो, मीच ताई" म्हणून समजावत बसायची. पुढे तिने तो नाद सोडला. "ताई बाहेर गेल्यात, निरोप असेल तर सांगा," म्हणून मोकळी व्हायची.

आवाजच तसा होता. जाड, खालचा, पोटातून येणारा. ती बसकंडक्टर होती आणि बसमध्ये हा आवाज कामाला यायचा. तिने "पुढे सरका" म्हटलं की दारात लोंबकळणारे मुकाट्याने आत सरकायचे आणि झोपेचं सोंग घेतलेले डोळे उघडून सुटे पैसे शोधायचे. डेपोत सगळे तिला भोंगा म्हणत. नवी माणसं आदराने भोंगाबाई म्हणत. तीही ओ द्यायची.

गाण्याचं मात्र लहानपणीच वाटोळं झालं होतं. शाळेत सगळ्या मुली एका उंच पट्टीत गायच्या आणि ही खाली घरंगळायची. गाण्याच्या बाईंनी तिला मागच्या रांगेत नेऊन उभं केलं आणि कानात सांगितलं, "तू गाऊ नकोस. नुसते ओठ हलव." घरी येऊन तिने आईला सांगितलं, तर आई म्हणाली, "बरोबरच सांगतात बाई. मुलीच्या जातीला असला आवाज शोभतो का?" त्या दिवसापासून ती ओठ हलवायला शिकली. इतकी छान शिकली की समोरून बघणाऱ्याला वाटावं, सगळ्यात मनापासून हीच गातेय.

तर डेपोत गाणाऱ्यांचा एक संच होता. कोणी निवृत्त झालं, कोणाला बक्षीस मिळालं, की हा संच उभा राहायचा. संचाचे प्रमुख म्हणजे हिशेबखात्यातले एक कारकून. त्यांनी गाण्याच्या परीक्षा दिल्या होत्या, म्हणून सगळे त्यांना सर म्हणत. गाण्यातलं त्यांना कळायचं, हे कबूल करायलाच हवं. पण ते गायला लागले तर लोक ऐकत आणि बोलायला लागले तर लोक घड्याळ बघत.

सरांचा आवडता विषय म्हणजे पट्ट्यांचे स्वभाव. पेटीवरचा कुठला स्वर धरून गाणं उभं करायचं, ती त्या गाण्याची पट्टी. आणि सरांच्या मते प्रत्येक पट्टी म्हणजे एकेक माणूस. पांढरी एक साधीभोळी. काळी दोन विरहाने झुरणारी. पांढरी चार म्हणजे नवे कपडे घालून निघालेलं पोर. काळी चार नाजूक, हसरी. "ही खरी बायकांची पट्टी," असं ते बोट वर करून सांगत. आणि तिच्या बरीच खालची काळी एक? "जड. रडकी. बायकांनी तिच्या वाटेला जाऊ नये."

संचातल्या बायका काळी चारमध्ये गायच्या. भोंगाबाईही त्यांच्यात उभी असायची आणि सरांनी पहिल्याच दिवशी तिला काय सांगितलं असेल? तेच. नुसते ओठ हलवा, बाई. संख्या दिसायला बरी दिसते.

खरं म्हणजे पट्ट्यांना स्वभाव असतात, हे तिलाही पटायचं. ते तिच्या अंगाला कळायचं. काळी चारमध्ये गुणगुणायला गेली की मान वर ताणली जायची, गळा आवळायचा आणि साहेबासमोर रजा मागायला उभं राहिल्यासारखं वाटायचं. काळी एकमध्ये तेच गाणं म्हटलं की दोन्ही पाय जमिनीवर टेकायचे. रडकी? तिला तर त्या पट्टीत कधी नव्हे इतकं धीट वाटायचं.

हे तिला उमगलं ते फोरमनकाकांमुळे. डेपोच्या कार्यशाळेचे ते प्रमुख. बसखालच्या खड्ड्यात उतरून काम करताना ते डेपोचंच एक जुनं गाणं गुणगुणत. कुणा ड्रायव्हरने कधीकाळी रचलेलं होतं. "जाणाऱ्या, जरा दमानं जा, पुढच्या वळणावर ऊन आहे." बाई दुपारचा डबा तिथेच बाकावर बसून खायची. एकदा तीही नकळत गुणगुणली. खड्ड्यातून आवाज आला, "कोण गं ते?"

"मी, काका. गप्प बसते."

"गप्प कशाला? अजून खाली उतर. तुझा आवाज खालीच राहतोय, तू उगाच वरच्या मजल्यावर भाड्याने राहतेस."

फोरमनकाका निवृत्त व्हायला आले, तेव्हा त्यांनी एकच मागणं केलं. ते गाणं व्हावं आणि ते भोंगाने म्हणावं.

सर ऐकूनच घेईनात. "गाणं होईल. पण हसऱ्या पट्टीत होईल, काळी चारमध्ये. निरोपाला माणूस हसत गेला पाहिजे. काळी एक लावली तर सगळे रडत बसतील."

"पण काकांनी मला सांगितलंय म्हणायला," बाई म्हणाली.

"तुम्ही आहात की संचात. उभ्या राहा. नेहमीसारखं."

तिच्या अंगाचा तिळपापड झाला. तिने बसमध्ये परत येऊन ड्रायव्हरला गाठलं. तिच्याच बसचा ड्रायव्हर संचात कीबोर्ड वाजवायचा. बटण दाबलं की त्या यंत्राची पट्टी वरखाली व्हायची.

"दादा, उद्या काळी एक लावा."

"बाई, माझ्या पोटावर का उठताय? सर रजेचे अर्ज पुढे पाठवतात. माझ्या मुलीचं बाळंतपण तोंडावर आलंय."

"बरं, नका लावू. मीच लावते."

"तुम्हाला कुठे कीबोर्ड येतो?"

"मला तोंड आहे ना."

दुसऱ्या दिवशी दुपारी कार्यशाळेतल्या बस बाहेर काढून खुर्च्या मांडल्या होत्या. फोरमनकाका पहिल्या रांगेत, धुतलेल्या हातांचं काय करावं हे न कळून बसलेले. संचाची रीत ठरलेली होती. कीबोर्डने सूर द्यायचा, सरांनी हात खाली आणायचा, मग सगळ्यांनी सुरुवात करायची. सरांनी हात वर नेला. ड्रायव्हरचं बोट अजून पोहोचायचं होतं.

बाईने सुरुवात केली. सूर न घेता, हात खाली यायची वाट न बघता, आपल्या काळी एकमध्ये. "जाणाऱ्या..."

सरांचा हात वरच राहिला. ड्रायव्हरने घाबरून काळी चारचा सूर दाबला आणि दोन गाड्या समोरासमोर याव्यात तसं झालं. संचाच्या पुढच्या रांगेतल्या एकीने वळून डोळे वटारले. सर आपल्या ओठांकडे बोट दाखवू लागले. ओठ, बाई, नुसते ओठ! शाळेतली मागची रांग तिला लख्ख दिसली. तिने अजून मोठं तोंड उघडलं आणि दुसरी ओळ म्हटली.

तेव्हा संचात मागे उभ्या असलेल्या ड्रायव्हरांपैकी एकाने तिचा सूर उचलला. मग दुसऱ्याने. इतकी वर्षं तेही बिचारे हसऱ्या पट्टीत हसऱ्या तोंडाने गुदमरत होते. कीबोर्डवर खाली मान घालून कोणीतरी बटण दाबत सुटलं आणि पट्टी एकेक पायरी उतरत तिच्यापाशी येऊन थांबली. पुढच्या रांगेतल्या दोघी मात्र शेवटपर्यंत गायल्या नाहीत. त्यांना ते आवडलं नव्हतं आणि आवडायलाच हवं असंही नाही.

गाणं संपलं तेव्हा फोरमनकाका ढसाढसा रडत होते. सर तावातावाने तिच्याकडे आले.

"बघा! सांगत होतो ना, रडकी पट्टी आहे म्हणून? रडवलंत ना माणसाला?"

"रडू देत की," ती म्हणाली. "सगळं आयुष्य इथे घालवून माणूस निघालाय. हसत कसा जाईल, सर?"

"संचात शिस्त लागते. पुढच्या मंगळवारपासून तुम्ही तालमीला येऊ नका."

"येणार."

"मी दार लावून घेईन."

"लावा की," भोंगाबाई म्हणाली. "मी बाहेर उभी राहून गाईन. माझा आवाज आत ऐकू येतो."