बंदुकीवरची पाच बोटं

आमच्या घरात तीन बंदुका होत्या आणि तिन्ही पंपाच्या. पंपाची म्हणजे नळीखालची लाकडी मूठ मागे ओढायची, पुढे ढकलायची. रिकामं काडतूस बाहेर पडतं, नवं आत जातं. बायको त्यांना हातपंप म्हणायची. "लातुरात नळाला दहा-दहा दिवस पाणी न्हाई, अन् आमच्या घरात तीन हातपंप, थेंब निघंल तर शप्पथ," असं आल्यागेल्या पाहुण्याला ऐकवल्याशिवाय तिचा चहा उकळत नसे.

बंदूक म्हटली की माणसं आपल्याकडे एकतर पुढारी म्हणून बघतात नाहीतर शिकारी म्हणून. मी दोन्ही नाही. तीस वर्षं आयटीआयमध्ये फिटरच्या पोरांना कानस कशी धरायची ते शिकवलं, आणि उभ्या जन्मात चिमणीसुद्धा मारली नाही. मला नाद आहे तो यंत्राचा. शंभर वर्षांपूर्वी कुणीतरी अमेरिकेतल्या कारखान्यात बसून दोन पोलादी तुकडे असे घासले, की आजही त्यांच्यात केस जात नाही. तो कारागीर समोर आला असता तर मी त्याच्या पाया पडलो असतो, आणि मी सहसा कुणाच्या पाया पडत नाही.

पहिली बंदूक वडिलांची, पॉइंट बावीसची; हे आकडे नळीच्या मापाचे. दुसरी पंचवीस-वीसची, नांदेडच्या एका जुन्या बंदूकवाल्याच्या दुकानात ती कपाटामागे उभी होती. तिसरी बत्तीस-वीसची, माहूरकडच्या एका निवृत्त वनअधिकाऱ्याची. त्यांच्या मुलांना ती अडगळ वाटत होती. या दोघींची काडतुसं आता कुठेच मिळत नाहीत. दुकानदाराने घेतानाच सांगितलं होतं, "साहेब, ही बेगम आहे. फक्त बघायची." मी लेथवर पितळेच्या भरीव, खोट्या गोळ्या कातून घेतल्या. रविवारी दुपारी सतरंजी अंथरायची, एक स्क्रू फिरवला की बंदुकीचे दोन भाग होतात, ते पुसायचे, तेल द्यायचं, जोडायचे, आणि त्या पितळी गोळ्या पंपाने आतबाहेर करत बसायचं. खट-खट, खट-खट. नातेवाईक म्हणायचे, याच्या डोक्याचा एक नट ढिला आहे. असेल.

बावीसची मात्र जिवंत होती. वर्षातून एक-दोनदा नांदेडच्या नेमबाजीच्या रेंजवर जाऊन मी तिच्याने कागदाला भोकं पाडायचो. आवाज अगदी लहान, सुपारी फोडल्यासारखा. त्या दिवशी परतीच्या एसटीत मी इतका खूश असायचो की कंडक्टरशीसुद्धा गोड बोलायचो.

या नादाचा खरा शत्रू एकच, गंज. आणि गंजाचं माहेर म्हणजे पोलीस ठाण्यातली मालखान्याची खोली. निवडणूक लागली की परवानेवाल्यांनी बंदुका ठाण्यात जमा करायच्या, हा शिरस्ता. आपल्याकडे निवडणुका काही कमी नाहीत. दर वेळी मी तिन्ही बंदुका तेलात न्हाऊ घालून, बायकोच्या जुन्या लुगड्यांत गुंडाळून न्यायचो. हवालदार म्हणायचा, "गुरुजी, लेकी सासरी घालायला आलाव जणू." दोन महिन्यांनी परत आणल्या की लुगड्याच्या घडीतूनही कुठेतरी तपकिरी डाग शिरलेला असायचाच, आणि मी दोन दिवस जेवणावर राग काढायचो.

आता वडिलांचं सांगतो. औशाजवळच्या आमच्या गावात त्यांनी ही बंदूक पिकाच्या राखणीसाठी घेतली, हैदराबादच्या कुण्या अंमलदाराच्या घरातून आलेली. त्यांनी तिच्याने रानडुक्कर मारलं नाही. हवेत एक बार काढायचा आणि शिव्या चार द्यायच्या, डुकरं शिव्यांनाच जास्त भ्यायची. पण खंडेनवमीला तिचा मान पहिला. घोंगडीवर विळे, कुऱ्हाड, नांगराचा फाळ मांडायचे आणि मधोमध बंदूक. वडील वाटीत कुंकू पाण्यात कालवून पाचही बोटं बुडवायचे आणि बंदुकीच्या पोटावर, डाव्या बाजूला, जिथे सगळं यंत्र असतं तिथे टेकवायचे. दर साली त्याच जागी. आणि दुसऱ्या दिवशी सोनं लुटून येईपर्यंत कुणी ते पुसायचं नाही, हा त्यांचा कायदा.

ओलं कुंकू आणि पोलाद, रात्रभर. यात काय होतं ते फिटरला सांगायला नको. चाळीस वर्षांत त्या जागी पाच खड्डे पडले होते, करंगळीचा लहान, अंगठ्याचा मोठा. मी दर साली त्यांच्याशी भांडायचो. "अण्णा, यंत्राची वाट लावायलाव तुम्ही." ते म्हणायचे, "तुझ्या मशिनीला पुजत न्हाईस का? मग?" आमच्या वर्कशॉपमध्येही पूजा व्हायची, पण मी लेथला कोरडी हळद लावायचो आणि मागोमाग चिंधी फिरवायचो. देवापेक्षा माझा भरवसा तेलावर.

वडील गेले. मी थोरला आणि कागदपत्रात पटाईत, म्हणून बंदूक माझ्या परवान्यावर चढली. धाकटा भाऊ गावात शेती करत होता. तो एवढंच म्हणाला, "दादा, सांभाळून ठिव." मी सांभाळली ती अशी: महिनाभर रोज संध्याकाळी बसून बारीक पॉलिश पेपरने ते पाचही खड्डे घासून काढले. पोलाद आरशासारखं झालं. मग नांदेडच्या मिस्त्रीकडून त्याच्यावर काळा-निळा रंग चढवून घेतला. हात फिरवला तर रेशीम. माझ्या आयुष्यातलं ते सगळ्यात सफाईदार काम होतं, आणि ते दाखवायला मी आधी गावी आईकडे गेलो.

आईने चष्मा लावला. बंदूक मांडीवर घेऊन डाव्या अंगाला हात फिरवला. परत फिरवला. मग म्हणाली, "ह्यांची बोटं कुठं गेली रे?"

मी काहीतरी गंजाबद्दल बोललो. ती रागावली नाही. रागावली असती तर बरं झालं असतं. भाऊ दारात उभा होता, तो ऐकून गोठ्याकडे निघून गेला. वडिलांचा फोटो सोडला तर त्यांच्या हाताची जगात उरलेली एकच खूण ती, आणि मी ती माझ्या कौशल्याने साफ केली. शिकलेल्या माणसाला गाढव म्हणायचं नसतं, म्हणून मला कुणी म्हणालं नाही. मी मात्र स्वतःला म्हणत आलो.

त्यानंतर आई गेली. आणि काही वर्षांनी कायदा बदलला. एका परवान्यावर तीनऐवजी दोनच हत्यारं. तिसरं हत्यार वर्षाच्या आत दुसऱ्या परवानेवाल्याला द्या, नाहीतर जमा करा. जमा म्हणजे तोच मालखाना, आणि कधीतरी भट्टी. मी नांदेडच्या दुकानदाराकडे गेलो. म्हटलं, बत्तीस-वीसची घ्या. तो हसला. "साहेब, जिची गोळी मिळत नाही ती कोण घेणार? बावीसची आणा, आज विकतो. काय चकाचक आहे."

म्हणजे प्रकरण असं होतं. बिनगोळीच्या त्या दोन म्हाताऱ्यांना माझ्याशिवाय कुणी नव्हतं. घराबाहेर काढली ती भट्टीत जाणार. स्थळ येणार होतं ते एकटीला, आणि माझा जीव जिच्यात सगळ्यात जास्त, ती नेमकी तीच. पंधरा दिवस मला झोप नीट लागली नाही. बायको म्हणाली, "लोकांच्यात कशाला द्यायची? भाऊजीला इचारा की." मला हे सुचलं नव्हतं असं नाही. मला त्याच्यासमोर जायची लाज वाटत होती.

गेलो. तो बांधावर उभा होता, समोर रानडुकरांनी रात्रीत लोळवलेलं सोयाबीन. मी म्हटलं, "परवाना काढ. अण्णाची बंदूक तुझ्याकडं यायला पाहिजे." त्याने माझ्याकडे बघितलं आणि विचारलं, "खरंच देतोस का?" पन्नाशीचा माणूस, पण त्याचा आवाज लहान पोरासारखा झाला होता.

मग सुरू झाले हेलपाटे. तलाठी, पोलीस ठाणं, कलेक्टर कचेरी. कागदपत्रांतली माझी सगळी अक्कल मी तिथे खर्ची घातली. एका साहेबाने त्याला विचारलं, "बंदूक कशाला पाहिजे?" हा म्हणाला, "साहेब, एक रात्र माझ्या रानात मुक्कामाला या, मग इचारा." मुदत संपत आली तरी परवाना येईना. मी बंदूक तेलात न्हाऊ घातली, लुगडं काढून ठेवलं. मालखान्याच्या तयारीने बसलो असताना त्याचा फोन आला, परवाना हातात आहे म्हणून. मी तिथेच खुर्चीत रडलो. बायकोने बघितलं आणि पहिल्यांदाच हातपंपावरून काही बोलली नाही.

त्या साली खंडेनवमीला मी आणि बायको गावी गेलो. घोंगडी तीच, विळे नवे. मधोमध बंदूक, माझ्या हातची, आरशासारखी. सवयीप्रमाणे माझ्या खिशात तेलाची चिंधी होती. भावाने वाटीत कुंकू कालवलं आणि थांबला. त्याचे हात अण्णांसारखेच, रुंद आणि जाड बोटांचे. माझे आईवर गेलेत.

"दादा, गंज चढंल," तो म्हणाला. "कोरडंच लावू का?"

"ओलं लाव."

त्याने पाचही बोटं बुडवली आणि डाव्या अंगाला टेकवली. कुंकवाचं पाणी त्या निळ्या पोलादावरून खाली ओघळलं. त्यानेच मग खांद्यावरचा पंचा काढून माझ्यापुढे धरला, "घे, पूस आता, तुला दम निघायचा न्हाई."

मी पंचा त्याच्या खांद्यावर परत टाकला आणि म्हटलं, "उद्या. सोनं लुटून आल्यावर."