जुनी पुट्टी

पोचा काढावा तर त्या डेंटरनंच. ठोकलेला पत्रा त्याच्या हाती गेला की असा सरळ व्हायचा, की गाडी नेमकी कुठे आपटली होती हे खुद्द मालकालाही बोट ठेवून सांगता येऊ नये. हाताला गुणच तसा होता. तोच गुण पुढे घराच्या मुळावर आला.

त्याचा धाकटा भाऊ एका दुकानदाराचा टेम्पो चालवायचा. संध्याकाळी गॅरेजचं शटर अर्धं ओढलं की दोघे भाऊ बाटली काढून बसत. मग धाकटा त्याच टेम्पोत बसून घरी जायचा आणि वाटेत कधी खांबाला, कधी कुणाच्या कुंपणाला भिडायचा. "दादा, मालक माझी सालटी काढेल रे," म्हणत सकाळी हजर! दादा हसत हसत पोचा काढायचा, पुट्टी भरून घोटायचा, वर रंग मारायचा. कुणाला पत्ता लागायचा नाही. भावासाठी एवढंही करायचं नाही, तर मग भाऊ कशाला म्हणायचं? प्रेमच होतं ते. आंधळं, पण प्रेमच.

एके दिवशी धाकट्यानं टेम्पो उभ्या ट्रकखाली घातला आणि जागच्या जागी गेला. घरी सांगितलं गेलं, ब्रेक फेल झाले. सांगणारा हा डेंटरच. पुढे दुकानदारानं तो चेपलेला टेम्पो दुरुस्तीला धाडला, तोही याच्याचकडे. याच्याहून चांगला कारागीर होता कुठे? यानं फाटलेल्या पत्र्यावर हात ठेवला, तर पुट्टीच्या खपल्या हातात आल्या. थरावर थर, सगळे यानंच घोटलेले.

त्या दिवशी बाटली सुटली, ती कायमची. दोस्तांनी 'सोडावॉटर' असं नाव ठेवलं, तेही त्यानं मुकाट ऐकून घेतलं. भाऊ मात्र सुटला नाही. भर दुपारी, चार माणसांच्या गलबल्यात काम चाललेलं असलं, तरी हातोडीमागून "दादा, झालं का?" असं ऐकू यायचं. तो वळून बघायचा. मागे कुणी नसायचं. त्याला भीती वाटायची आणि आवाज आला नाही तर त्याहून जास्त वाटायची.

परवा सकाळी मागून खरोखरच आवाज आला. "होईल ना लगेच?"

डेंटर वळला. पुतण्या उभा होता, आवाज हुबेहूब बापाचा. पोरगा नुकताच एका साहेबांच्या गाडीवर ड्रायव्हर म्हणून लागला होता. गाडीचा पुढचा कोपरा आत गेलेला, आणि तोंडातल्या वेलचीला न जुमानता रात्रीच्या दारूचा वास येत होता. सोबत त्याची आई होती.

"भाऊजी, साहेब दुपारी परत येतायत," भावजय म्हणाली. "तेवढ्यात सरळ करून द्या. नवी नोकरी आहे हो त्याची."

"नाही करणार."

"काका, एवढासा तर पोचा आहे!"

"पिऊन चालवत होतास."

"घोटभर घेतली तर काय आकाश कोसळतं?"

भावजयीचा आवाज चढला. "याच्या बापाचा टेम्पो किती वेळा करून दिलात, मला काय ठाऊक नाही? मग माझ्या पोराच्या वेळीच हात का आखडलात?"

डेंटरनं हातोडी खाली ठेवली. "ब्रेक फेल नव्हते झाले," तो म्हणाला. "ब्रेक चांगले होते. तो प्यायला होता. माझ्याबरोबर, इथंच बसून. आणि दर वेळी मी त्याचा टेम्पो नवा करून देत होतो. एखादा पोचा तसाच ठेवला असता, तर मालकानं त्याला हाकललं असतं. बेकार असता. पण असता."

पुतण्याचा चेहरा खर्रकन उतरला. भावजय गाडीला टेकून उभी राहिली.

"इतकी वर्षं मी त्या ब्रेकच्या नावानं बोटं मोडली," ती म्हणाली. "आता कुणाच्या नावानं मोडू?"

"माझ्या."

तिनं त्याच्याकडे पाहिलंही नाही. लेकाकडे वळून ती म्हणाली, "साहेबांना फोन लाव. काय झालं ते सांग. माझ्यासमोर सांग."