परित्यक्तेचा रकाना

पिंप्राळ्यातल्या लताबाईंकडे निराधार योजनेचा अर्ज भरून घ्यायला लांबलांबून बायका येतात. त्या कुठल्या ऑफिसात नोकरीला नाहीत. पंधरा वर्षांपूर्वी त्यांचा नवरा, प्रेमराज, धुळ्यात दुसरं घर मांडून बसला. तेव्हा स्वतःच्या अर्जासाठी तलाठी, तहसील, दाखले हे सगळं त्या पायपीट करून शिकल्या. अर्जात विधवा, परित्यक्ता असे वेगवेगळे रकाने होते. ‘परित्यक्ता’समोर खूण करून त्या घरी आल्या आणि दार लावून रडल्या. पण काम झालं. मग शेजारणीचा अर्ज भरला, तिच्या बहिणीचा भरला, आणि ते पुढे थांबलंच नाही.

नशिराबादच्या भागाबाई त्यांच्याकडे आल्या त्या गुडघा धरूनच. वय छप्पन्न, मूलबाळ नाही. कपाशी वेचायला आता वाकवत नव्हतं. नवरा झुलाल नऊ वर्षांपूर्वी कामासाठी सुरतेला गेला. पोचलो, एवढा एकच फोन आला. पुढे काही नाही.

“पोलिसांत कळवलं होतं?” लताबाईंनी विचारलं.

“नही. येतीन, येतीन, असं बठ्ठा लोक म्हनेत.”

लताबाईंनी समजावून सांगितलं. विधवा म्हणून मागायचं तर मृत्यूचा दाखला हवा, नाहीतर कोर्टाचा हुकूम, आणि त्यात वर्षं जातील. परित्यक्ता म्हणून मागितलं तर चौकशी होऊन पंचनाम्यावर काम होईल.

“ते म्हंजे काय?”

“नवऱ्यानं सोडलेली.”

भागाबाई उठून उभ्या राहिल्या. “त्या माले सोडीसन नही गयात, ताई.”

“अक्का, कागदावरचा शब्द आहे तो. मीही लिहिलाय. काही होत नाही त्यानं.”

त्या दिवशी भागाबाई तशाच परत गेल्या. दुसऱ्यांदा आल्या आणि पुन्हा परत गेल्या. तिसऱ्या खेपेला म्हणाल्या, “आधी पोलिसमा त्यास्नं नाव लिखाव. मंग मी अंगठा देस.” लताबाई त्यांच्यासोबत गेल्या. नऊ वर्षांनी झुलाल हरवल्याची तक्रार नोंदली गेली. सोबत भिंतीवरच्या फोटोची प्रत दिली, खूण सांगितली: डाव्या हाताची दोन बोटं कडबाकुट्टीत तुटलेली. बाहेर आल्यावर भागाबाईंनी अर्जावर अंगठा उठवला.

पंचनाम्याला तलाठी गल्लीत आले. माणूस सज्जन, पण विचारावं तर लागणारच होतं. शेजारच्या मंजुळाबाई पुढे झाल्या. भागाबाईंचं काम व्हावं एवढंच त्यांच्या मनात होतं.

“सोडेलच शे, साहेब. तिकडे दुसरी ठेवेल व्हई. नही तं नऊ वरीस कोनी असा राहास का?”

बाकीच्या तिघांनी माना डोलावल्या, सह्या केल्या. भागाबाई पाण्याचे पेले घेऊन उंबऱ्यात उभ्या होत्या. लताबाईंनी त्यांच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि नजर कागदांकडे वळवली. मंजुरी आली की बाई सावरेल, असं त्यांना वाटलं.

मंजुरी आली. काही महिन्यांनी दरवर्षी द्यायच्या हयातीच्या दाखल्याचं सांगायला लताबाई नशिराबादला गेल्या, तर भिंतीवर फोटोचा नुसता खिळा होता. झुलालचे सदरे, धोतर सगळं बोहारणीला गेलं होतं. फोटो चुलीत.

“ज्यानी टाकी दिन्हं, त्यानं काय ठेवू?” भागाबाई म्हणाल्या. नऊ वर्षं त्या नवऱ्याला आदरानं ‘त्या’, म्हणजे ‘ते’, म्हणत होत्या; आता तो ‘त्यानं’ झाला होता.

अंगठा दिल्याला तेरा महिने झाले आणि लताबाईंना पोलिसांचा फोन आला. तक्रारीवर नंबर त्यांचाच होता. सुरतेकडच्या एका रेल्वे स्टेशनात नऊ-दहा वर्षांपूर्वी तापानं बेशुद्ध पडलेला एक माणूस सापडला होता. दवाखान्यात दोन दिवसांनी वारला. खिशात काही नव्हतं, ओळख पटली नाही, अंत्यविधी तिकडेच झाला. नोंदवहीतला फोटो जुळला होता. बोटंही.

हे सांगायला लताबाई स्वतः गेल्या. भागाबाईंनी शांतपणे ऐकलं आणि एकच विचारलं, “कवय?”

“इथून गेल्यावर अठरा दिवसांनी.”

भागाबाईंनी बोटांवर दिवस मोजले. मग त्यांचा चेहरा उजळला, आणि त्या खरोखर हसल्या. “म्हंजे त्यास्नी माले टाकं नव्हतं!”

मग त्यांचा हात तोंडावर गेला.

“वरीसभर मी त्यास्ले शिव्या दिन्ह्यात, ताई. मरेल मानूसले.”

लताबाई त्यांच्याशेजारी भुईवर बसल्या. बऱ्याच वेळानं भागाबाई म्हणाल्या, “तो शब्द काढ.”

“काढते अक्का. पण नवा अर्ज मंजूर होईपर्यंत पेन्शन बंद राहील.”

“ऱ्हाऊ दे.”

मृत्यूचा दाखला हातात आला तेव्हा भागाबाई पंचनाम्यावर सह्या करणाऱ्या चौघांच्या दारी गेल्या. वाचता येत नव्हतं, म्हणून लताबाईंना प्रत्येक दारात तो मोठ्यानं वाचायला लावला. मंजुळाबाई ऐकता ऐकताच पदरात तोंड घालून रडू लागल्या. भागाबाईंनीच त्यांच्या पाठीवरून हात फिरवला.

पाच महिन्यांनी विधवेच्या रकान्यातून पेन्शन पुन्हा सुरू झाली. भागाबाईंनी लताबाईंना कधी बोल लावला नाही. लावला असता तर बरं झालं असतं, असं लताबाईंना अजून वाटतं. पुढच्या वर्षीच्या हयातीच्या दाखल्याला भागाबाई आल्या नाहीत, त्यांनी गावातच कुणाकडून तरी करून घेतला. नशिराबादहून कोणी अर्जाला आलं की लताबाई त्यांची चौकशी करतात.

“बरी शे,” बायका म्हणतात, आणि कागद पुढे करतात.