जंगलाचा पडदा

माझा मामा दिघोरीचा. धानाची शेती आणि नाटकाचे पडदे रंगवणं, हे त्याचे दोन धंदे. दिवाळी आटोपली, धान घरी आला की भंडारा-गोंदियाकडच्या आमच्या झाडीपट्टीत नाटकांचा सीझन सुरू होतो आणि कंपन्यांना पडदे लागतात: महालाचा, रस्त्याचा, जंगलाचा. मामाच्या जंगलाच्या पडद्यासाठी दूरदूरच्या कंपन्या दारात यायच्या.

गोंदिया वेगळा जिल्हा झाला, त्याच्या पुढच्या वर्षी मी नागपूरला चित्रकलेच्या कॉलेजात गेले. तिथून बडोद्याला, आणि पुढे क्युरेटर झाले. म्हणजे मी स्वतः चित्रं काढत नाही. कोणाचं चित्र कोणाच्या शेजारी लावायचं आणि का, ते ठरवते. हे घरी समजावणं कठीणच. मामानं एकदाच विचारलं, "कंपनीच्या मॅनेजरवानी काय?"

मी हो म्हटलं.

"मंग चांगलं हाये. मॅनेजरबिगर पडदा उघडत नाही."

कोरिया, केनिया, पोर्तुगाल अशी प्रदर्शनं करत मी जावा बेटावरच्या एका शहरात पोचले. तिथल्या एका संग्रहालयाला नाटकातल्या दृश्यांवर प्रदर्शन हवं होतं. गावोगाव फिरणारी नाटकं त्यांच्याकडेही आहेत आणि त्यांनाही रंगवलेले पडदे लागतात. अशा पडद्यांच्या एका म्हाताऱ्या चित्रकाराकडे मी गेले. त्यांनी अंगणात पडदा उलगडला आणि मी खालीच बसले. सागाचं जंगल होतं. तीच ताटाएवढी पानं, मधून जाणारी तीच पायवाट.

"हे माझ्या मामानं काढलंय असं वाटतं," मी सोबतच्या दुभाष्या मुलीला सांगितलं.

म्हातारबाबा म्हणाले, "मग मामाला का बोलावत नाही?"

मी दोघांचेही पडदे प्रदर्शनासाठी निवडले. संग्रहालयाच्या समितीला मात्र ते मुख्य दालनात नको होते. तिथे मोठमोठे आधुनिक चित्रकार होते. पडदे बाहेर, येण्याजाण्याच्या वाटेवर लावा आणि पाटीवर 'लोककारागीर' एवढंच लिहा, असं त्यांचं म्हणणं. मी बैठकीत सांगितलं, "बाकीच्यांच्या पाटीवर नाव आहे, तर या दोघांच्याही पाटीवर असेल. आणि दोघं आतच लागतील. जमत नसेल तर दुसरी क्युरेटर शोधा."

त्यांनी शोधली नाही.

मामा आयुष्यात पहिल्यांदा विमानात बसला. आधी पाठवलेला त्याचा पडदा उलगडला तेव्हा खालच्या बाजूचा रंग दमटपणानं उखडलेला निघाला. मामानं लगेच पिशवीतून ब्रश काढला. हातमोजे घातलेली संग्रहालयाची बाई धावत आली. जुन्या कलाकृतीवर नवा रंग लावायचा नाही, असा तिथला नियम.

"काहून?" मामा मला म्हणाला. "उखडला तं रंगवाचा. मी दरसाल रंगवतो. नाही रंगवला तं थो पडदा कायचा?"

बाईचं चुकत नव्हतं. मीही तोच नियम शिकले होते. पण ते दोन दिवस मला दुसरं काही सुचेना. शेवटी मी कागदावर सही केली: चित्रकार आपला पडदा स्वतः दुरुस्त करील, आणि उद्घाटनाच्या दिवशी, लोकांसमोर करील. काही बिघडलं तर जबाबदारी माझी.

उद्घाटनाला मामा पांढरा सदरा घालून पडद्यापुढे बसला. थोड्या वेळानं जाव्याचे म्हातारबाबा शेजारी येऊन बसले आणि मामाच्याच पडद्याला रंग लावायला त्यांनीही ब्रश उचलला. दोघांना एकमेकांचा शब्द कळत नव्हता. तरी भांडण झालंच.

"त्याहिले सांग," मामा मला म्हणाला, "इतका हिरवा लावला तं समोर उभा नाटकातला राजा दिसनच नाही!"

मी दुभाष्या मुलीला सांगितलं, तिनं बाबांना. ते खो-खो हसले. त्यांचे गुरूही त्यांना हेच सांगून रागवायचे म्हणे. त्यांनी हिरव्यात निळा मिसळला. मामानं मान डोलावली.

लोक भोवती जमिनीवर बसले. एका पत्रकारानं मामाला विचारलं, "तुम्ही किती वर्षं आर्टिस्ट आहात?"

"आर्टिस्ट म्हंजे नाटकात काम करनारे," मामा म्हणाला. "मी पेंटर हावो."

मी तसंच्या तसं सांगितलं. टाळ्या वाजल्या. त्या टाळ्यांत मला रडू आवरेना.

प्रदर्शन संपल्यावर संग्रहालयानंच मामाचा पडदा कायमचा मागितला. मामानं साफ नकार दिला. "ठेवून काय करान? दिवाळीनंतर कंपनीले लागते." मी आजवर कितीतरी कलाकृती संग्रहालयांत नेऊन ठेवल्या होत्या. एक कलाकृती परत कामावर पाठवण्याचं पत्र पहिल्यांदाच लिहिलं, आणि इतक्या ऐटीत दुसरं पत्र कधी लिहिलं नाही.

पुढच्या हिवाळ्यात म्हातारबाबा दिघोरीला आले. मामानं गाडी ठरवली आणि भंडारा, तुमसर करत आम्हा सगळ्यांना नाकाडोंगरीकडच्या जंगलात नेलं. तिथे त्यानं सागाचं एक कोवळं पान तोडून बाबांच्या तळव्यावर चोळलं. तळवा लाल झाला. बाबांनी दुसरं पान तोडलं, मामाचा हात धरला आणि त्याच्याही तळव्यावर चोळलं. मग दोघं लाल हात पुढे धरून माझ्याकडे बघू लागले.

"पाहून काय राहिली?" मामा म्हणाला. "फोटो काढ ना, मॅनेजर!"