उकिरड्यावरचा दिवा

बहात्तरच्या दुष्काळानंतरचा पावसाळा सरताना मेडशीजवळच्या आमच्या गावातले उकिरडे विहिरीजवळून गावाबाहेरच्या खड्ड्यांत हलवले गेले. उकिरड्यांतून झिरपलेलं पाणी विहिरीत उतरत होतं. माझ्या चुलतीची धाकटी लेक हगवणीनं खाटेवर होती. पण दिवाळीत उकिरड्यावर दिवा लावायचा रिवाज; उकिरडा हलवला की घरची लक्ष्मी जाते, या समजुतीनं कोणी हात लावेना. चुलतीनं पहिलं टोपलं उचललं.

"लक्ष्मी गेली त मंग वो, काकी?" शेजारीण म्हणाली.

"तिले पाय हायेत. येईन खड्ड्यापावतर चालत," चुलती म्हणाली.

आठ दिवस तिनं एकटीनं टोपली वाहिली. नवव्या दिवशी शेजारीण आपलं टोपलं घेऊन आली. दिवाळीला विहिरीजवळ एकही उकिरडा नव्हता. चुलतीच्या खड्ड्यावरचा दिवा धाकटीनं लावला.